झालें तें झालें

माझ्या आजोळीं दोन घरांच्या मधून एक बोळ जात असे. त्या बोळांतून बैलगाडी मागल्या परड्यांत नेण्याची आजोबांच्या घराची पिढीजात वहिवाट होती. एका उन्हाळ्यांत आजोबा आठ दिवस परगांवीं गेले असतां शेजाऱ्यानें आपली भिंत दीड हात पुढें सरकवून बांधून काढली. ते परत आल्यावर तंटा झाला, गांवांतले चार जाणते गृहस्थ ओटीवर जमले, दोरी लावून बोळ मोजला गेला, आणि भिंत पुढें आली आहे हें खुद्द शेजाऱ्यासह सर्वांनीं मान्य केलें. मग त्या चौघांतले वडील गृहस्थ म्हणाले, "चूक त्याची, यांत वाद नाहीं. पण आतां झालें तें झालें. उभी भिंत पाडून कोणाचें भलें होणार? काय तें मोल घ्या आणि मिटवून टाका." आजोबांनीं मोल घेतलें. गाडी पुन्हां कधीं परड्यांत गेली नाहीं. पुढल्या वर्षीं दुसऱ्या एका घरवाल्यानें आपल्या बाजूच्या बोळांत रातोरात पाया खणला. बोळाचा भाव एव्हांना गांवांत सर्वांस ठाऊक झाला होता.

त्या चार गृहस्थांना मीं पुष्कळ वर्षें मनांतल्या मनांत दोष दिला. पुढें मोठमोठ्या न्यायालयांचे निकाल वाचण्याचा प्रसंग येऊं लागला, तेव्हां ते चौघे फारसे एकटे नाहींत असें आढळून आलें. जमीन, पाणी, हवा, झाडें यांविषयींचे तंटे न्यायासनापुढें जातात तेव्हां वरवर पाहतां प्रश्न हक्काचा असतो. परंतु निकाल ज्यावर अडतो तो प्रश्न बहुधा निराळाच असतो. अन्याय सिद्ध झाल्यावर तो थांबवावयाचा, कीं त्याचें मोल ठरवून तो चालूं द्यावयाचा? आणि हा प्रश्न न्यायाधीशापुढें येऊन पोंचेपर्यंत भिंत उभी झालेली असते. झालेल्या कामास, केवळ तें झालेलें आहे म्हणून, न्यायाच्या तराजूंत वजन असावें काय, आणि असल्यास तें कोणाच्या पारड्यांत पडावें, एवढाच प्रश्न मला येथें विचारांत घ्यावयाचा आहे.

मनाईऐवजीं मोल हा मार्ग इंग्लंडांत १८५८ च्या एका कायद्यानें खुला झाला. मनाई हुकूम देणाऱ्या चॅन्सरी न्यायालयास त्या हुकुमाऐवजीं नुकसानभरपाई देण्याचाही अधिकार त्यानें दिला. या अधिकाराचा उपयोग कोठवर करावा याचा प्रसिद्ध विचार १८९५ च्या शेल्फर खटल्यांत झाला. लंडनांतील एका वीज कंपनीनें मोठीं यंत्रें बसविलीं आणि त्यांच्या हादऱ्यांनीं व आवाजानें शेजारच्या मद्यगृहांत राहणें कठीण झालें. खालच्या न्यायालयानें, शहरास दिवे पाहिजेत आणि कंपनी पैसे देण्यास समर्थ आहे, हें पाहून केवळ भरपाई दिली होती. अपील न्यायालयानें तें फिरविलें. अपराधी सधन आहे आणि त्याच्या उद्योगापासून लोकांचें हित होतें, एवढ्यावरून शेजाऱ्याचा हक्क त्याच्या इच्छेविरुद्ध विकत घेण्याची सोय न्यायालय करून देणार नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. नुकसान लहान असावें, पैशांत मोजतां यावें, थोड्या रकमेनें भरून निघावें आणि मनाई दिल्यास प्रतिवादीवर जुलूम व्हावा, या चार गोष्टी एकत्र असतील तरच मनाईऐवजीं पैसे द्यावे असें न्यायाधीश ए. एल. स्मिथ यांनीं सांगितलें. हीं चार कलमें वकीलवर्गांत पाठ झालीं. परंतु त्यांच्याच शेजारीं त्यांनीं आणखी एक अट घातली होती, तिची आठवण फार थोड्यांस राहिली. मनाईचा हुकूम टाळावा म्हणून ज्यानें घाईघाईनें बांधकाम उरकलें, त्याला "आतां पैशांवर भागवा" असें म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं, अशी ती अट होती. माझ्या आजोबांची भिंत त्या न्यायाधीशांना दिसली होती म्हणावयाची!

पुढें २०१४ सालीं इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें हीं चार कलमें यांत्रिकपणें लावूं नयेत असें ठरवून भरपाईची वाट पुष्कळ रुंद केली. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत हें वळण त्याच्या कितीतरी आधीं आलें होतें, आणि तें ज्या खटल्यांत आलें तो मला या विषयांतील सर्वांत प्रामाणिक निकाल वाटतो. म्हणूनच तो सर्वांत अस्वस्थ करणाराही आहे.

ऑल्बनी शहराजवळ हडसन नदीच्या खोऱ्यांत अटलांटिक सिमेंट कंपनीचा प्रचंड कारखाना होता. धूळ, धूर आणि सुरुंगांचे हादरे यांनीं त्रासलेल्या शेजाऱ्यांनीं दावा लावला. उपद्रव सिद्ध झाला. न्यूयॉर्कचा तोंवरचा नियम कडक होता. १९१३ सालीं तेथीलच वरिष्ठ न्यायालयानें, दहा लाख डॉलरांहून अधिक खर्चून उभारलेल्या एका कागदगिरणीस ओढा घाण करण्याची मनाई केली होती. खालच्या बाजूच्या शेतकऱ्याचें नुकसान वर्षास अवघें शंभर डॉलरांचें असतां ही मनाई झाली! तोच नियम लावला असता तर सिमेंटचा कारखाना बंद पडता. परंतु १९७० सालीं न्यायाधीश बर्गन यांनीं बहुमताचा निकाल लिहितांना दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडले. कारखान्यांत गुंतलेला पैसा साडेचार कोटी डॉलरांवर आणि कामावर तीनशेंहून अधिक माणसें. उलट सर्व वाद्यांचें मिळून कायमचें नुकसान १ लाख ८५ हजार डॉलर. ठराविक मुदत देऊन तेवढ्यांत धूळ थांबवा असें म्हणावें, तर ती विद्या साऱ्या सिमेंट धंद्यालाच अजून साधलेली नव्हती. एका कारखान्यास ती मुदतींत शोधून काढ म्हणणें व्यर्थ होतें. म्हणून हुकूम झाला तो असा कीं, कंपनीनें कायमची भरपाई एकदांच भरावी, म्हणजे मनाई उठेल. शेजाऱ्यांच्या जमिनीवर धुळीचा बोजा कायमचा बसला आणि त्याचे पैसे त्यांना मिळाले.

न्यायाधीश जेसन यांचें मत विरुद्ध पडलें. त्यांचा आक्षेप साधा होता: ही भरपाई म्हणजे चालू अन्यायाचा परवाना आहे, आणि एकदां परवान्याचे पैसे भरले म्हणजे धूळ कमी करण्याची कंपनीस गरजच काय उरते?

या दोघांत मी कोणाच्या बाजूचा, हें मला अनेक वर्षें ठरवितां आलें नाहीं. बर्गन यांच्या जागीं बसून तीनशें घरांच्या चुली विझविण्याच्या हुकुमावर सही करणें मला साधलें असतें असें वाटत नाहीं. परंतु त्यांचा तराजू पाहावा. साडेचार कोटी हा आंकडा त्यांत कोठून आला? तो कारखान्यानेंच आणून घातला. शेजाऱ्यांनीं आपल्या पारड्यांत कांहींच नवें घातलें नव्हतें. त्यांची घरें आणि शेतें होतीं तितकींच राहिलीं. म्हणजे जो जितका मोठा खर्च करून दुसऱ्याच्या हक्कावर येऊन बसेल तितकें त्याचें पारडें जड! हाच प्रश्न पहिली वीट ठेवण्याच्या आदल्या दिवशीं विचारला असता, तर त्या पारड्यांत साडेचार कोटी नसते; दुसरीकडे जागा पाहण्याचा कांहीं जादा खर्च तेवढा असता.

अर्थशास्त्र जाणणारा वाचक येथें मला थांबवील. रोनाल्ड कोस यांनीं १९६० सालीं दाखवून दिलें आहे कीं, उभय पक्षांस सौदा करणें सोपें असेल तर हक्क कोणाचाही ठरो, कारखाना राहावयाचा असेल तर राहीलच. शेजारी आपला हक्क विकतील. हें मला मान्य आहे, आणि माझें म्हणणें याच मुद्द्यावर उभें आहे. मनाई दिली असती तरी कारखाना कदाचित् चालताच, परंतु किंमत शेजाऱ्यांनीं सांगितली असती. एखादा हट्टी शेजारी अडून बसून अवाच्या सवा मागता, ही भीति खरी आहे. तरी देखील विकणाऱ्यानें सांगितलेली किंमत आणि घेऊन झाल्यावर पंचांनीं ठरविलेली किंमत या एकाच जातीच्या वस्तु नव्हेत. दुसरीला आपल्याकडे "चोराच्या हातची लंगोटी" म्हणतात.

हे सर्व तंटे शेजाऱ्या-शेजाऱ्यांतले झाले. तेथें निदान मोल घेणारा कोणी असतो. नदी, खाडी, टेकडी यांच्या बाबतींत मोल कोणाच्या हातावर ठेवावयाचें? याच कारणासाठीं आपल्या देशांत कायद्यानें प्रश्नाची वेळच आधीं आणून ठेवली. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें ठराविक प्रकारच्या खाणी, कारखाने आणि मोठीं बांधकामें यांना काम सुरू करण्यापूर्वीं पर्यावरणविषयक परवानगी घ्यावी लागते. परिणामांचा अभ्यास व्हावयाचा, आणि कित्येक प्रकल्पांत तेथील रहिवाशांची जनसुनावणी व्हावयाची. या योजनेंत "पूर्वीं" या शब्दांतच सर्व अर्थ सांठविलेला आहे. सुनावणींत उठून बोलणाऱ्या गांवकऱ्याचें म्हणणें ऐकून "नाहीं" म्हणतां येईल, तरच ती सुनावणी; चिमणी उभी राहिल्यावर त्याला बोलाविणें म्हणजे लग्न लागल्यावर मुलीची पसंती विचारण्यासारखें आहे.

परंतु परवानगीवांचून कामें उरकलीं गेलीं, आणि २०१७ ची अधिसूचना व २०२१ चा एक सरकारी आदेश यांनीं अशा कामांना मागाहून परवानगी मिळण्याचा रस्ता काढून दिला. वरातीमागून घोडें, पण तें सरकारी पागेंतलें! न्यायालयें या बाबतींत एका सुरांत बोललीं नाहींत. २०२० सालीं गुजरातेंतील तीन औषधी व रासायनिक कारखान्यांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें मागाहून दिलेली परवानगी कायद्यास धरून नाहीं असें बजावलें, परंतु कारखाने बंद न करतां प्रत्येकीं दहा कोटी रुपये भरावयास लावले. पुढें १६ मे २०२५ रोजीं न्यायमूर्ति अभय ओक आणि न्यायमूर्ति उज्ज्वल भुयान यांनीं 'वनशक्ति' या मुंबईच्या संस्थेच्या अर्जावर ती अधिसूचना आणि तो आदेश दोन्हीं रद्द केलीं, आणि यापुढें अशी मागाहूनची परवानगी कोणत्याही रूपानें देऊं नये असें केंद्र सरकारास बजावलें. त्याच वर्षीं १८ नोव्हेंबरला तीन न्यायाधीशांच्या पीठानें दोन विरुद्ध एक मतानें हा निकाल मागें घेतला आणि प्रकरण पुन्हां सुनावणीस ठेवलें. मागें घेणाऱ्यांत तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई होते आणि विरुद्ध मत न्यायमूर्ति भुयान यांचें होतें. ओक आणि गवई हे दोघेही मुंबई उच्च न्यायालयांत नांवारूपास आलेले. एकाच झाडाचीं दोन फळें इतकीं निराळीं निघावींत, यावरूनच प्रश्नाचें काठिण्य कळावें.

बहुमताचें म्हणणें हलकें लेखणें अप्रामाणिकपणाचें होईल. पूर्वींच्या कांहीं पीठांनीं असाधारण प्रसंगीं मागाहूनची परवानगी मान्य केली होती आणि त्या निकालांचा पुरता विचार मे महिन्यांत झाला नाहीं, हा त्यांतला कायद्याचा भाग झाला. परंतु वाचकाच्या मनावर आघात करतो तो दुसरा भाग. सुमारें २०,००० कोटी रुपयांचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, त्यांत ओडिशांतील ९६२ खाटांचें रुग्णालय आहे; तें पाडून पुन्हां परवानगी घेऊन पुन्हां बांधण्यानें प्रदूषण कमी होईल कीं वाढेल? बांधलेलें रुग्णालय सुरुंगानें उडवा असें म्हणण्याची छाती कोणाची आहे? माझी नाहीं.

पण तें रुग्णालय या वादांत साक्षीदार म्हणून कोणी उभें केलें? रोग्यांनीं नव्हे. कायदा सर्वांस ठाऊक असतां परवानगीची वाट न पाहतां ज्यांनीं तें बांधविलें, त्यांच्या बचावांत तें उभें आहे. शिवाय त्याच्या आडोशाला कोण कोण उभे राहतात तेंही पाहावें: रुग्णालयामागें विमानतळ, आणि त्यामागें खासगी बांधकामवाल्यांच्या सदनिका. रुग्णालयाचा प्रश्न रुग्णालयापुरता सोडवितां आला असता, मे महिन्याचा निकाल न हालवितां त्यास अपवाद करतां आला असता, असें मला नम्रपणें वाटतें. एका खाटेवरच्या रोग्याची दया येऊन साऱ्या बोळाचा नियम बदलला म्हणजे पुढच्या वर्षाचा पाया कोणीतरी रात्रीं खणतोच.

"मग पाडा" असें म्हणणाऱ्यांनीं केरळांतील मरडु येथें काय झालें तेंही विसरूं नये. कोचीजवळ वेंबनाड खाडीच्या कांठीं, किनारा संरक्षणाच्या नियमांविरुद्ध, चार टोलेजंग गृहसंकुलें उभीं राहिलीं होतीं. मे २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तीं पाडण्याचा हुकूम दिला, आणि ११ व १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत तीं सुरुंगांनीं जमीनदोस्त झालीं. कित्येकांनीं त्या दृश्याला न्यायाचा विजय म्हटलें. मला तें तसें म्हणवत नाहीं. तीनशेंहून अधिक कुटुंबांचीं घरें त्यांत गेलीं. त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं पंचायतीचा परवाना पाहून पैसे मोजले होते. न्यायालयानें प्रत्येक सदनिकाधारकास तूर्त पंचवीस लाख रुपये राज्य सरकारनें द्यावे आणि मागून ते बांधणाऱ्यांकडून वसूल करावे असें ठरविलें. झालेल्या कामाचा बोजा घाई करणाऱ्याच्या पारड्यांत टाकावयाचा तो असा, आणि हा भाग मला त्या निकालांतील उत्तम भाग वाटतो. परंतु खाडी कांहीं मूळची झाली नाहीं. तिच्या कांठीं मोडक्या सिमेंटाचे डोंगर मात्र पडले. आणि या गोष्टीचें मूळ शोधीत मागें जावें तर तें सांपडतें एका लहानशा जागीं. पंचायतीनें २००७ सालींच बांधणाऱ्यांना नोटिसा दिल्या होत्या. त्या नोटिसांना उच्च न्यायालयांतून स्थगिती मिळाली आणि बांधकाम चालूं राहिलें. भिंत कमरेइतकी असतांना एका तात्पुरत्या हुकुमानें जें साधलें असतें, तेंच साधण्यास बारा वर्षांनीं सुरुंग लागले.

त्यामुळें माझें मत असें बनलें आहे कीं, अशा तंट्यांत न्याय होतो किंवा बुडतो तो शेवटच्या विद्वत्तापूर्ण निकालांत नव्हे, तर पहिल्या आठवड्यांत, ज्याला वकील केवळ "तात्पुरता अर्ज" म्हणतात त्यावर. त्या वेळीं न्यायाधीशानें एवढेंच सांगावें कीं, निकाल लागेपर्यंत दगड हालवूं नका. आणि हालविलात तर तो खर्च मी पुढें मोजणार नाहीं. पहिल्या वाक्यापेक्षां दुसऱ्याचें महत्त्व अधिक आहे. ज्यानें दावा चालूं असतां पैसा ओतला त्यानें तो जुगार म्हणून ओतला असें धरावें. हें कठोर वाटेल. परंतु विलंबाचा तोटा कोणीतरी सोसावयाचा असतो, आणि विलंबापासून ज्याचा लाभ होतो त्यानेंच तो सोसणें मला अधिक योग्य वाटतें. खोटे दावे लावून चांगलीं कामें अडविणारेही आहेत, हें मी जाणतों. त्यांच्याकडून जामीन घ्यावा, दावा लवकर चालवावा. रेंगाळणाऱ्या न्यायालयानें मात्र दोन्हीं बाजूंची मर्जी राखतां येत नाहीं.

मुंबईकर वाचकांस याचें उदाहरण दूर शोधावें लागणार नाहीं. शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें आरे येथील मेट्रोच्या कारशेडविरुद्धचे अर्ज फेटाळले. त्याच रात्रीं करवती चालूं झाल्या. सोमवारीं सर्वोच्च न्यायालयाचें खास पीठ सुटींत बसलें आणि यापुढें झाडें तोडूं नयेत असें म्हणालें. तेव्हां पाहिजे तेवढीं झाडें तोडून झालीं आहेत असें त्यास सांगण्यांत आलें. दोन हजारांवर झाडें शुक्रवारची रात्र आणि सोमवारची सकाळ यांच्यामध्यें पडलीं होतीं. अपिलासाठीं चार दिवसांची स्थगिती उच्च न्यायालयानें आपण होऊन दिली असती, तर मेट्रो चार दिवस मागें पडती. पुढें २०२२ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें आणखी ८४ झाडांपुरता अर्ज करण्यास मोकळीक दिली. मेट्रो महामंडळ १७७ झाडांची परवानगी मिळवून आलें. १७ एप्रिल २०२३ रोजीं न्यायालयानें याबद्दल महामंडळाची चांगलीच कानउघाडणी केली, दहा लाख रुपयांचा दंड केला, आणि काम थांबणें लोकहिताचें नाहीं म्हणून त्याच हुकुमानें तीं १७७ झाडें काढण्यास परवानगी दिली.

ती मेट्रो आतां आरेपासून कुलाब्यापर्यंत धांवते. मीही तिनें गेलों आहें. गाडी थंडगार आणि वेळेवर होती. शेजारीं बसलेल्या एका तरुणास मीं, कारशेड कोणत्या बाजूला आहे, असें विचारलें. त्याला तें सांगतां आलें नाहीं.